खोडलेल्या मजकुराची ग्रामसभा

माझ्या वडिलांची गिरणी रस्त्यातून मागे हटवायचा ठराव मी ग्रामसभेत मांडला, तेव्हा मी घरी झोपलो होतो. सकाळचे अकरा वाजले होते. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. घटनाक्रम नीट लागावा म्हणून सांगतो.

घटनाक्रम पुढे कुठेच नीट लागला नाही, तो भाग वेगळा.

आमचं करंजवेढे साडेतीन हजार वस्तीचं गाव. इथे ग्रामसभेची एक पद्धत आहे, माझ्या जन्माच्या आधीपासूनची. सभेला शंभर माणसं लागतात. शंभर जमली नाहीत की गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही, चारजण बसले तरी चालतं. नियम करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण गावाने त्याचा अर्थ असा लावला, की पहिली सभा ही तहकूब होण्यासाठीच असते. तिला जाणारा माणूस एक तर नवीन जावई असतो, नाहीतर वेडा. सरपंच रोहिणीताई आणि ग्रामसेवक शेलार भाऊसाहेब पंख्याखाली अर्धा तास बसायचे, वहीत 'तहकूब' लिहायचे आणि चहा पिऊन उठायचे. खरी सभा आठवड्याने, नेहमीच्या दहा-बारा लोकांत.

तरुण तर दोन्हीकडे नसायचे. यावर उपाय म्हणून २०३८ साली गावोगाव पेट्या आल्या.

पेटी म्हणजे पांढरा चौकोनी डबा, पुढे स्पीकर, वर 'युवा आवाज' असं स्टिकर. तालुक्याहून आलेल्या प्रशिक्षक मॅडमनी आम्हाला शाळेच्या वर्गात बसवून ती समजावली. माणसाच्या बोलण्यावरून त्याची नक्कल करणारी यंत्रं जुनीच आहेत, त्या म्हणाल्या. पण ती यंत्रं माणूस जे पाठवतो, त्यावर शिकायची. माणूस पाठवतो काय? अंगठा, फूल आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यातून नागरिक तयार होत नाही. नवीन यंत्र वेगळीकडे बघतं. फोनच्या कीबोर्डला आपण टाइप करून पाठवायच्या आधी खोडलेलं सगळं माहीत असतं. कुठला शब्द लिहिला, किती वेळ थांबलात, मग तो काढून 'ओके दादा' कसं लिहिलंत, सगळं. खोडलेल्या मजकुरात माणसाचं मत सगळ्यात शुद्ध सापडतं, असं या यंत्राचं म्हणणं. प्रेमप्रकरणं आणि शिव्या ते गाळतं. खाली जे उरतं ते गावाविषयीचं मत. त्या मतापासून प्रत्येकाची एक पडछाया तयार होते आणि ती तुमच्या वतीने, तुमच्या आवाजात सभेत बसते.

"आणि आम्ही स्वतः गेलो तर?" कुणीतरी विचारलं.

"तर ती गप्प बसते. मूळ माणूस आला की पडछाया बंद."

वर्गात सगळे हसले. मूळ माणूस सभेला जाईल, ही कल्पनाच विनोदी होती.

आम्ही एकशे त्रेचाळीस जणांनी नोंदणी केली. लोकशाहीवरच्या प्रेमाने केली असं मी लिहिलं असतं, पण नोंदणी करणाऱ्याला क्रिकेटचे सामने जाहिरातींशिवाय दिसत होते.

महाराष्ट्र दिनाला पहिली सभा होती. नेहमीप्रमाणे कुणी गेलं नाही. भाऊसाहेबांनी 'तहकूब' लिहायला पेन काढलं, तोच पेटी म्हणाली, "उपस्थिती एकशे सत्तेचाळीस. गणपूर्ती झाली आहे. विषय क्रमांक एक."

रोहिणीताईंच्या हातातला कप तसाच राहिला म्हणतात. पुढच्या पन्नास मिनिटांत अकरा ठराव झाले, सगळे कायदेशीर. सार्वजनिक शौचालयाचं उद्घाटनाच्या दिवशी लागलेलं कुलूप उघडावं. लग्नात चारपेक्षा जास्त सत्कार झाले तर नवरा-नवरीला आपापल्या घरी जायची मुभा असावी. सरपंचांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावू नयेत. हा मांडला त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या पडछायेने. आणि आठवा ठराव: मुख्य रस्त्यात चार फूट आलेली अंकुश घोलप यांची पिठाची गिरणी मागे घ्यावी. सूचक, ओजस अंकुश घोलप.

ओजस अंकुश घोलप म्हणजे मी. मी उठलो तेव्हा पप्पा दारात उभे होते, हातात नोटीस, भुवयांवर पीठ.

"तू बोलला का रं?"

"काय?"

त्यांनी नोटीस पुढे धरली. मी वाचली. परत वाचली.

"मी नाही बोललो, पप्पा. मी झोपलो होतो."

"मग कोण बोललं?"

"म्हणजे मीच. पण मी नव्हतो."

पप्पा स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "सुरेखा, ह्याला उन्हात कुठं पाठवलं होतं का?"

गिरणी किती मोठी, हे सांगायला हवं. लांबी अकरा फूट. पुढचा ओटा आणि त्यामागची भिंत मिळून चार फूट गेले, तर आत जातं राहील, पण दळायला माणूस उभा राहणार नाही. मागे सरकायला जागा नाही, मागे चावडीची भिंत आहे. घरोघरी दळणाची छोटी यंत्रं आली तरी गाव बाजरी आमच्याकडेच आणतं. पप्पा तीस वर्षं त्या ओट्यावर उभे आहेत. गिरणी बंद म्हणजे पप्पा बंद, असं साधारण.

नोटिशीला पडछायेचं भाषण जोडलं होतं. दोनच ओळी. "आमच्या ओट्यामुळे वरच्या आळीत ॲम्ब्युलन्स जात नाही. मला माहीत आहे, कारण खाटेचा एक पाय मी धरला होता."

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी वरच्या आळीतल्या सुमनकाकूंच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. ॲम्ब्युलन्स आमच्या ओट्यापाशी अडली. आम्ही चौघांनी काकूंना खाटेवर घालून खाली आणलं, त्यात वेळ गेला. काकू वाचल्या, उजवा हात गेला. त्या रात्री मी त्यांच्या मुलीला, ईश्वरीला, एक लांब मेसेज लिहिला होता. मग तो खोडला आणि 'टेक केअर' पाठवलं.

ग्रामपंचायतीत भाऊसाहेब मान हलवत होते. "ग्रामसभेचा ठराव ग्रामसभाच फिरवणार, ओजस. मी कोण? मी वही सांभाळणारा."

"पण मी तो मागे घेतो ना."

"तू मांडला कुठे मागे घ्यायला?"

"मग कुणी मांडला?"

"तूच," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. त्यांचाही गोंधळ झालेला होता, फक्त त्यांना त्याचा सरकारी सराव होता. शेवटी त्यांनी पेटी माझ्यासमोर सरकवली. "तुमचं तुम्ही मिटवा."

मी घसा साफ केला. "मी ओजस बोलतोय."

"मीपण," पेटी म्हणाली. आवाज माझाच, सर्दी नसलेला.

"हे बघ, तो ठराव मागे घे. पप्पा जेवत नाहीयेत."

"माहीत आहे मला, वाईट वाटतं. म्हणजे बघ ना, ते माझेही पप्पा आहेत."

"ते तुझे पप्पा नाहीत!"

भाऊसाहेब म्हणाले, "घरातली भांडणं इथं नको."

"तू माझ्या बाजूने आहेस की विरोधात?" मी विचारलं.

"बाजूने. तू जे एकशे बारा वेळा लिहून खोडलंस, तेच मी एकदा बोललो. तुला नको असेल तर सभेला ये. तू आलास की मी गप्प. ये ना, खुर्च्या भरपूर आहेत."

घरी आईने हे सगळं शांतपणे ऐकलं. "तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलतो तो," ती म्हणाली. मग पप्पांकडे बघून तिने विषय बदलला, पण उशिरा.

पप्पांनी शंभर सह्या गोळा करून विशेष ग्रामसभा मागितली. तारीख मिळाली, बारा जून. हिशोब सरळ होता. पप्पांच्या पिढीतले लोक येऊन गिरणीच्या बाजूने हात वर करतील. पण एकशे त्रेचाळीस पडछाया विरोधात. त्या गप्प करायच्या तर मूळ पोरं हजर पाहिजेत. म्हणजे मला गावातल्या तरुणांना राजकारणात आणायचं होतं. ज्या कामात अख्खं 'युवा आवाज' अभियान थकलं, ते मी माझ्याच तोंडाला कुलूप लावण्यासाठी करणार होतो.

पहिला गेलो शौर्य कदमकडे. गावात शौर्य नावाचे सहाजण आहेत; हा मोबाइल दुरुस्तीवाला.

"येतोस ना बाराला?"

"येऊन काय करू?"

"गिरणीच्या बाजूने हात वर कर."

शौर्य हातातला फोन खाली ठेवून विचारात पडला. "मग प्रॉब्लेम आहे, ओज्या. ओटा रस्त्यात आहे हे मलापण पटतं. पण अंकुशकाकांच्या तोंडावर मी विरोधात हात वर करणार नाही, माझं दळण तिथं जातं. म्हणजे आलो तर खोटं मत, नाही आलो तर खरं मत. मग लोकशाहीसाठी मी यायचं की घरी बसायचं?"

मी म्हणालो, "तुझी पडछाया पुढच्या सभेत तुझ्या सासऱ्यांच्या विहिरीबद्दल बोलली तर?"

शौर्यचा चेहरा उतरला. ती विहीर गावच्या जागेत आहे हे गावात सगळे जाणतात आणि कुणीच बोलत नाही.

"किती वाजता आहे सभा?" त्याने विचारलं.

मला किल्ली सापडली. पुढचे दहा दिवस मी घरोघर फिरलो आणि प्रत्येकाला एवढंच विचारलं, 'तू काय काय खोडलंयस, आठवतंय का?' कुणाचा काका सोसायटीचा चेअरमन, कुणाची आत्या अंगणवाडीत, कुणाच्या घरचा नळ मीटरच्या अलीकडून. पोरं पांढरी पडायची आणि तारीख लिहून घ्यायची. मी तरुणांच्या मनात नागरी जाणीव निर्माण करत होतो. ती भीतीसारखी दिसत होती, पण सुरुवात कशाने तरी होतेच.

शेवटी राहिली ईश्वरी. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. मी गेलो तेव्हा ती लसींचा डबा तपासत होती.

"बाराला सभा आहे," मी म्हणालो.

"मला सांगतोस?" ती डब्यातून मान वर न काढता म्हणाली. "मी दर सभेला असते. पहिलीलापण आणि तहकूबलापण. महाराष्ट्र दिनालाही होते मी. एकशे त्रेचाळीस पेटीतल्या आणि चार जिवंत, त्यातली एक मी."

"कशाला जातेस?"

"रस्ता मागायला. सहा अर्ज दिले. वहीत सहा वेळा लिहिलंय, 'विषयावर चर्चा झाली.' भाऊसाहेबांचं अक्षर सुंदर आहे."

मी म्हणालो, "मग तुला बरंच वाटलं असेल. पडछायेने एका झटक्यात..."

तिने डबा बंद केला, जोरात. "बरं? सहा सभा मी एकटी उभी राहिले, ओज्या. तुझे पप्पा समोर, सगळे खाली माना घालून. तेव्हा तू पलीकडे गिरणीत होतास, पट्ट्याचा आवाज यायचा मला. आणि आता तुझा डबा माझीच गोष्ट दोन ओळीत बोलतो आणि ठराव पास? माझ्या आईची खाट तुझ्या आवाजात? मी त्या ठरावाला हात वर केला नाही, माहीत आहे?"

"का?"

"मला डब्याकडून नको होतं ते. तुझं मत असेल तर तू ये आणि बोल. नसेल तर तसंही सांग. 'टेक केअर' म्हणे."

मी बाहेर आलो. मी गिरणी वाचवायला निघालो होतो, एवढं नक्की आठवत होतं. बाकी सगळं धूसर झालं होतं.

बारा जूनला शाळेच्या पटांगणात मांडव घालावा लागला. करंजवेढ्याच्या इतिहासात ग्रामसभेला माणसांना बसायला जागा कमी पडायची ही पहिलीच वेळ. एकशे एकोणीस तरुण स्वतः आले होते, आंघोळ करून. पुण्याला नोकरीला असलेल्या चोवीस जणांच्या पडछाया पेटीत होत्या. तालुक्याचा एक फोटोग्राफर आला होता, 'युवा सहभागाचा करंजवेढे पॅटर्न' अशी बातमी करायला. त्याने मला मधोमध उभं केलं.

आत शिरलो तशी पेटी म्हणाली, "ओजस घोलप हजर. पडछाया बंद." एवढ्या माणसांत आपण हजर आहोत हे कुणी जाहीर केलं, की आपल्याला ते आधी माहीत नव्हतं असं वाटतं.

पप्पा पहिल्या रांगेत होते. इस्त्रीचा शर्ट, भुवया स्वच्छ. पीठ नसलेले पप्पा मला ओळखीचे वाटले नाहीत. त्यांनी उभं राहून हात जोडले. "मी काय बोलू? तीस वर्षं तुमचं दळलंय. तुम्ही ठरवा." ते बसले. टाळ्या झाल्या.

रोहिणीताईंनी विचारलं, "मूळ ठरावाचे सूचक काही बोलणार?"

सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. माझ्या खिशात भाषण होतं: तांत्रिक चूक, यंत्राचा गैरसमज, ठराव रद्द करावा ही विनंती. मी उभा राहिलो. पप्पांनी मान डोलावली. ईश्वरी कडेला खांबाला टेकून उभी होती. तिने डोलावली नाही. ती फक्त बघत होती, सातव्यांदा.

"ती तांत्रिक चूक," मी म्हणालो आणि थांबलो. "नव्हती."

कुजबुज झाली.

"म्हणजे पेटी माझ्या परवानगीशिवाय बोलली. ते चूकच. पण जे बोलली ते... खाटेचा मागचा डावा पाय माझ्याकडे होता. आमच्या ओट्यापाशी खाट तिरकी करावी लागली. काकू घसरत होत्या. त्या मला म्हणाल्या, 'ओजस, तुझ्या पप्पांना नको सांगू, त्यांना वाईट वाटेल.' मी नाही सांगितलं. दोन वर्षं. मी त्याच ओट्यावर बसून मोठा झालो. तो गेला तर आमच्याकडे दुसरं काही नाही, हेही खरंय. दोन्ही खरंय. मला काय करायचं ते कळत नाही. पण ओटा रस्त्यात आहे."

शेलार भाऊसाहेबांनी वहीतून मान वर केली. "म्हणजे ठरावाच्या बाजूने की विरोधात लिहू?"

"बाजूने."

"तू स्वतः?"

"मी स्वतः."

पप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या शर्टाची पाठ मात्र मी अजून विसरलेलो नाही. घडीची रेघ अगदी सरळ होती.

मग मतदान झालं. आणि इथे मी केलेलं काम फळाला आलं. मी सोडून बाकी एकशे अठरा तरुणांनी, ज्यांच्या पडछायांनी एकमताने गिरणी हटवली होती, समोर बसलेल्या अंकुशकाकांकडे पाहिलं आणि माना खाली घालून गिरणीच्या बाजूने हात वर केले. शौर्यने तर दोन्ही केले. ठराव ठेवावा म्हणणारे एकतीस: पुण्याच्या चोवीस पडछाया, वरच्या आळीतली पाच माणसं, ईश्वरी आणि मी. रद्द करावा म्हणणारे दोनशे बारा. गिरणी वाचली.

मी जिच्यासाठी दारोदार फिरलो, ती गोष्ट झाली होती. मी तिच्या विरोधात मत दिलं होतं आणि पडलो होतो. लोक पप्पांचं अभिनंदन करून माझ्याकडे बघत होते; माझं अभिनंदन करायचं की सांत्वन, त्यांना कळत नव्हतं. एकाने नुसताच हात हलवला, एसटीला निरोप देतात तसा.

ईश्वरी जवळ आली.

"सॉरी," मी म्हणालो. "हरलो."

"मी सहा वेळा हरलेय. तेव्हा एक मत असायचं. आज माणसं मोजली तर सात झाली." ती पर्स खांद्याला लावत म्हणाली, "पुढची सभा पंधरा ऑगस्टला. अर्ज आठ दिवस आधी द्यावा लागतो. रडत बसू नको, लिही."

घरी आई ताटं वाढत होती. पप्पा आले, हातपाय धुतले, जेवले. मीही. मग मी कोरा कागद घेऊन टेबलाशी बसलो. 'प्रति, मा. सरपंच' लिहिलं. विषय लिहिला: रस्त्यातील चार फुटांबाबत फेरविचार आणि गिरणीला चावडीच्या पडीक खोलीत जागा देणे. हे दुसरं मला भाकरी खाताना सुचलं होतं. खाली सूचक म्हणून माझं नाव घातलं, अनुमोदक म्हणून ईश्वरीचं.

पप्पा मागे येऊन कधी उभे राहिले कळलं नाही. त्यांनी कागद उचलला, लांब धरून वाचला.

"ही उलटी नावं का लिहिली?"

"कसली उलटी?"

"सहा सभा त्या पोरीनं मांडलंय. सूचक ती. तू अनुमोदक. रांगेत मागं उभं राहायला शीक."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"म्हणजे पप्पा, तुम्ही आता आमच्या बाजूने?"

"कोण म्हणलं? मी विरोध करणार. पहिल्या रांगेत बसून करणार." त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि खिशातून स्वतःचं पेन काढून त्यावर ठेवलं. "ह्यानं लिही. तुझं फिकं उमटतंय, शेलारला वाचता येणार नाही."